मामाजींच्या ग्राफमधले खाडे

मामाजी स्टीलचा पेलाही काचेचा असल्यासारखा दोन्ही हातांनी खाली ठेवत. जरासा आवाज होऊ देत नसत. गोंदियाच्या एका शाळेत ते तीस वर्षे लॅब अटेंडंट होते. चंबू, नळ्या, थर्मामीटर धुण्यात, पुसण्यात आणि मांडण्यात त्यांचे आयुष्य गेले. रागावले तरी त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई. राग जितका मोठा तितके बोलणे हळू. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटले, किती शांत सासरा मिळाला. पुढे कळले, की ओरडणाऱ्या माणसाचे ओरडणे कधीतरी संपते. यांचे हळू बोलणे दिवसभर कानात राहत असे.

आमचे गाव बिरसीच्या विमानतळाजवळ आहे. विमान चालवायला शिकणारी मुले दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात. गावात आता कोणी मान वर करून पाहत नाही, पण मामाजी प्रत्येक विमान पाहत. म्हणत, "ते लोक हवा मोजल्याबिगर उडत नाहीत. अन् आपले लोक हवा न पाहता धान कापून टाकतात." त्यांची मुलगी, म्हणजे माझी नणंद, हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आम्ही त्यांना ताई म्हणतो. मामाजी रिटायर झाले तेव्हा ताईंनी त्यांना हवामान मोजायचे यंत्र आणून दिले, आणि माझ्या मागे काम लागले.

यंत्र म्हणजे स्लॅबवर एक लोखंडी पाइप. त्यावर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, पाऊस मोजायचे नळकांडे आणि ऊन-थंडी मोजायची पांढरी पेटी. वरचे आकडे खाली बैठकीत भिंतीवरच्या पाटीवर दिसत. पाटीपासून एक वायर जुन्या कॉम्प्युटरला जोडलेली. कॉम्प्युटर त्या आकड्यांचा ग्राफ काढी. उन्हाची लाल रेघ, पावसाचे निळे खांब. कॉम्प्युटरवर मामाजींचा स्वतःचा धुतलेला टॉवेल असे. तो टॉवेल कोणी अंग पुसायला घेतला तर घरात दोन दिवस हळू बोलणे चाले.

शाळेतल्या सायन्सच्या सरांना यंत्राची गोष्ट कळली तेव्हा ते मामाजींना म्हणाले होते, "लॅबवाले, मृगापासून दिवाळीपर्यंत एकही खाडा नसलेला ग्राफ आणून द्या. लॅबच्या भिंतीवर तुमच्या नावाने लावतो." त्या भिंतीवर तीस वर्षांत जेवढे तक्ते लागले त्यांचे खिळे मामाजींनी ठोकले होते. नाव एकावरही त्यांचे नव्हते. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही, आमच्या यांनी सांगितले. मामाजी फक्त एवढेच म्हणत, "खाडा पडाले नाही पाहिजे."

मजूर कामावर आला नाही की खाडा पडतो. मामाजींच्या ग्राफमध्ये लाल रेघ मध्येच तुटली की तो खाडा. सकाळी उठून ते चूळ भरायच्या आधी टॉवेल उचलत आणि रात्रीची रेघ पाहत. रेघ सलग असली तर चहा मागत. तुटलेली असली तर चहा मागत नसत, मला बोलावत.

पहिला खाडा माझाच होता, हे मी कबूल करते. यंत्र लागून चार दिवस झाले होते. मला मिक्सर लावायचा होता आणि बैठकीतलाच बोर्ड चालू होता, म्हणून मी कॉम्प्युटरची पिन काढली. चटणी होईपर्यंतच काढली होती. पण त्या दिवसापासून घरातले सगळे खाडे माझ्या नावावर जाऊ लागले. मामाजींनी एक वही घातली होती. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात किती वेळ, तिसऱ्यात कारण. कारणाच्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच शब्द होता, 'सूनबाई'.

"काल दुपारी काय लावलं होतं तू?"

"काही नाही जी. लाइनच गेली होती."

"लाइन गेली तर पाटी आकडे पोटात धरून ठेवते. लाइन आल्यावर कॉम्प्युटर ते मागून घेते. ताईनं सांगितलं. खाडा पडाचं कामच नाही."

"मग मी काय केलं?"

"तेच विचारून राहिलो ना मी."

स्लॅब तर माझा राहिलाच नाही. पाइपाच्या सहा हात जवळ काही वाळत घालायचे नाही, कारण ओल्या कपड्यांनी दमट आकडा येतो. वड्या घालायच्या नाहीत, कारण कावळे येतात आणि नळकांड्यावर बसतात. मोहफुले शेजारणीच्या अंगणात नेऊन वाळवावी लागली. एकदा भर एप्रिलमध्ये मी स्लॅब धुतला आणि बादलीचे पाणी नळकांड्यात उडाले. ग्राफमध्ये निळा खांब उभा राहिला. मामाजींनी ताईंना फोन करून तो काढायला लावला नाही. त्यांनी वहीत लिहिले, 'खोटा पाऊस. सूनबाई.' गावातले लोक विचारत, "काय लॅबवाले, काल तुमच्याच घरावर पाणी आलं म्हणते?" ते शांतपणे सांगत, "हो. आमच्या सूनबाईनं पाडलं." मी आठ दिवस हातपंपावर गेले नाही.

खाडे मात्र पडतच राहिले. ताई फोनवरून एकेक उपाय सांगत. एकदा म्हणाल्या, "बाबा, कॉम्प्युटरला कोणी हात लावला नाही की तो झोपी जातो. ते बंद करावं लागेल." ते बटन मामाजींना सापडेपर्यंत तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत कॉम्प्युटर झोपतो का ते पाहायला मला समोर बसवले होते. मी तांदूळ निवडत बसे. पडदा काळा व्हायला लागला की बोट लावून जागा करायचा. कोणाच्या घरची सून असे काम करत असेल मला माहीत नाही.

मग ताई म्हणाल्या, की यंत्र आणि पाटी यांच्यामध्ये टिनाचे काही आले तर आकडे पोचत नाहीत. बैठकीच्या वर स्लॅबवर धानाची टिनाची कोठी होती. ती आम्ही दोघा नवराबायकोने भर उन्हात ओढत दुसऱ्या टोकाला नेली. मामाजी सावलीत उभे राहून सांगत होते, "हळू. वाट्यांले धक्का लागल." त्यानंतर पेटीतले सेल बदलले. थोडे खाडे गेले. पण लाइन गेली की पडणारा खाडा काही जाईना, आणि आमच्याकडे लाइन कधी जात नाही ते विचारावे. तो पावसाळा तसाच वाया गेला. दिवाळीला मामाजींनी वहीतले खाडे मोजले आणि सरांकडे गेलेच नाहीत.

आता घड्याळाचे सांगते. आमच्या घरातली सगळी घड्याळे वीस मिनिटे पुढे असत. नोकरीच्या काळात मामाजी सायकलने गोंदियाला जात आणि वाटेत रेल्वेचे फाटक लागे. ते एकदा पडले की मालगाडी जाईपर्यंत वीस मिनिटे खोटी. म्हणून त्यांनी घड्याळेच वीस मिनिटे पुढे केली होती. रिटायर झाले, सायकल गंजली, तरी घड्याळे पुढेच. घरात सगळ्यांना ते माहीत होते, म्हणून सगळेच मनातल्या मनात वीस वजा करत. उपयोग काहीच नव्हता. फक्त पाहुणे बस निघून गेली असेल म्हणून धावत सुटत आणि थांब्यावर वीस मिनिटे उभे राहत.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा होता. एका दुपारी लाइन गेली ती तीन तासांनी आली. संध्याकाळी मामाजींनी मला बोलावून पडद्यावर बोट ठेवले. "हे पाय. पडला." मी पाहिले. लाइन तीन तास गेली होती, पण रेघ तुटली होती वीसच मिनिटे. आदल्या दिवशी लाइन एक तास गेली होती, तेव्हाही खाडा वीसच मिनिटांचा. मी चौथी शिकलेली आहे. इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात. मी मामाजींची वही मागून पाहिली. लाइन दहा मिनिटे गेली तर खाडा दहा मिनिटांचा होता. पण कितीही वेळ गेली तरी विसाच्या वर एकही नव्हता. आणि आमच्या घरात वीस म्हटले की एकच गोष्ट आठवते.

मी पाटीवरची वेळ पाहिली, मग कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली. कॉम्प्युटर वीस मिनिटे पुढे होता. पाटी ताईंनी यंत्र बसवतानाच मोबाइल पाहून लावलेली. तिची बटने बारीक, म्हणून मामाजींच्या हातून ती वाचली होती. कॉम्प्युटरचे घड्याळ मात्र त्यांनी घरच्या रीतीप्रमाणे स्वतः पुढे केले होते. लाइन आली की कॉम्प्युटर पाटीकडे मागचे आकडे मागायचा. पाटीकडे चार वाजेपर्यंतचे असत आणि कॉम्प्युटरच्या हिशेबाने चार वाजून वीस मिनिटे झालेली असत. मधल्या वीस मिनिटांचे आकडे पाटी देणार कुठून? ती वेळ अजून आलेलीच नव्हती.

मी यांना सांगितले. हे म्हणाले, "मला नको सांगू. त्यांना सांग." मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हटले, "मामाजी, कॉम्प्युटरचं घड्याळ पुढं आहे जी."

"घरचे सगळेच पुढं आहेत."

"पाटीचं नाही."

"मंग पाटी मागं असल."

"ताईंनी मोबाइलवरून लावली जी."

त्यांनी चष्मा काढला. इतक्या हळू बोलले, की मी पदर घट्ट धरला. "तू कायले घड्याळ पाहत होती?"

"तुम्हीच बसवलं होतं ना जी. तो झोपते का पाहायला."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचे घड्याळ बरोबर झाले. कोणी केले हे कोणी बोलले नाही. घरातली बाकीची घड्याळे पुढेच राहिली. त्या दिवसापासून लाइन जावो की राहो, लाल रेघ सलग येऊ लागली. मला वाटले, आता वहीत माझे नाव तरी खोडतील. वही उघडून पाहिली. शेवटी एक ओळ नवीन होती, 'कारण: घड्याळ'. वरचे सगळे 'सूनबाई' तसेच होते. मी यांच्याकरवी विचारले. उत्तर आले, "लिवलेली नोंद खोडाची नसते."

त्या पावसाळ्यात मृग कोरा गेला नाही आणि रेघ तुटली नाही. आषाढ, श्रावण सगळा सलग. मामाजी कमी बोलू लागले, म्हणजे हळू बोलणेही कमी झाले. रोज छापलेला कागद डिंकाने आदल्या कागदाला जोडत. गुंडाळी जाड होत चालली होती. आणि भादव्यात त्यांचा श्वास अडायला लागला. गोंदियाच्या दवाखान्यात भरती करावे लागले. हे त्यांच्याजवळ राहिले. मी सकाळी स्वयंपाक करून डबा घेऊन जाई आणि दुपारच्या बसने परत येई. जाताना मामाजी सांगत, "टॉवेल झाकून ठेव."

दुसऱ्याच दिवशी, मी परत आल्यावर, घरामागच्या बांधावर वीज पडली. बैठकीतून जळका वास आला. कॉम्प्युटर गेला, पाटीची आकडे धरून ठेवणारी डबी गेली. पाटी कशी वाचली कोणास ठाऊक. तिच्यावर आकडे दिसत होते, पण ते त्या घडीचेच. दिसायचे आणि जायचे. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला फार राग आला. विजेचा नाही, मामाजींचा. दुनियेतल्या म्हाताऱ्यांना तंबाखू असते, पत्ते असतात. यांना हे होते, आणि ते नेमके माझ्या पदरात टाकून दवाखान्यात जाऊन पडले होते.

मग मी एक कोरी वही काढली. सकाळी सात, संध्याकाळी सात. ऊन किती, पाऊस किती. पाटीवरचा आकडा पाहायचा आणि लिहायचा. सकाळचा आकडा घेऊन चूल पेटवायची, दोनच्या बसने परत यायचे. वेळ पाटीचीच धरली, भिंतीवरच्या घड्याळाची नाही.

दवाखान्यात ते रोज विचारत, "रेघ चालू आहे ना?"

"चालू आहे जी," मी म्हणे, आणि डबा उघडायला लागे.

नवव्या दिवशी मामाजी ऑटोतून उतरले ते यांच्या खांद्यावर हात ठेवून थेट कॉम्प्युटरकडे गेले. टॉवेल उचलला. काही म्हणाले ते मला ऐकूही आले नाही, इतके हळू. मी वही त्यांच्या खाटेवर ठेवली आणि चुलीपाशी जाऊन बसले. भाजी दोनदा ढवळली, तिसऱ्यांदा ढवळली. मग हाक आली.

"तुझा एक अन् नऊ एकसारखाच दिसते."

"हो जी."

"हा एक आहे का नऊ?"

"नऊ जी."

त्यांनी पेन्सिलीने त्या नऊवर खूण केली. पुढचे पान. बोट एकेका ओळीवरून खाली येत होते. एका ठिकाणी थांबले.

"गुरुवारी संध्याकाळचा कोठं आहे?"

गुरुवारी दुपारी त्यांचा श्वास फार वाढला होता. डॉक्टरांनी आत नेले आणि आम्हा दोघांना बाहेर थांबवून घेतले. दोनची बस गेली, पुढचीही गेली. मी घरी पोचले तेव्हा सात कधीच वाजून गेले होते.

"गुरुवारी तुमच्याजवळ होती जी."

हे म्हणाले, "त्यात काय, बाबा. बुधवारचा पाहा, शुक्रवारचा पाहा, मधातला अंदाजानं टाकून द्या. कोन पाहाले जाते?"

"लॅबमधले पोट्टे तसेच टाकत होते," मामाजी म्हणाले. "थर्मामीटर बरणीतच राहे अन् वहीत आकडे भरून. तीस वरसं पाहिलं मी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुले घरी आल्यावर टाकता आला असता."

"तेव्हा नऊ वाजले होते जी. मग तो सातचा कसा होईल?"

त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी खाटेवर ठेवली.

कॉम्प्युटर गोंदियाहून दुरुस्त होऊन येईपर्यंत मी वही चालू ठेवली, डबी ताईंनी नवी पाठवली. आतला जुना ग्राफ वाचला होता. दिवाळीपर्यंत रेघ पुन्हा चालली. मधल्या दिवसांची जागा मात्र कागदावर पांढरी होती. मामाजींनी माझी वही समोर ठेवून त्या जागेत लाल पेनाने एकेक ठिपका दिला. एका ठिपक्याला पाच पाच मिनिटे लावत. मला जवळ उभे केले होते, एक आणि नऊ सांगायला. गुरुवारी संध्याकाळची जागा त्यांनी सोडली. ते सोडताना म्हणाले, "सरांनं खाडा नको म्हटलं होतं. नाही लावला तर त्याची चुकी नाही." गुंडाळी हे मोटारसायकलवर नेऊन शाळेत देऊन आले. सर भेटले नाहीत, शिपायाकडे दिली.

नंतर मामाजी शाळेचे नाव काढत नसत. फोन वाजला की मात्र मान वळवून पाहत. फोन ताईंचा असे, नाहीतर गावातल्या कोणाचा तरी, धान कधी कापू म्हणून. पौषात एका सकाळी त्यांनी टॉवेल उचलला नाही, म्हणून मी चहा घेऊन गेले. तेव्हा ते गेलेले होते.

महिनाभराने एका कागदावर शाळेचा शिक्का हवा होता. हे तिरोड्याला कामावर गेले होते, म्हणून मी गेले. शिपायाने कागद आत नेला आणि मला थांबायला सांगितले. समोरच लॅबचे दार उघडे होते. भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आमचा कागद होता. डिंकाचे जोड ओळखू येत होते. लाल रेघ चालत गेली होती, मग माझ्या दिवसांचे ठिपके, मग पुन्हा रेघ. खाली मामाजींच्या अक्षरात त्यांचे नाव होते. त्याच्या खाली, तशाच अक्षरात, 'ठिपक्यांच्या नोंदी' असे लिहून माझे नाव होते. सूनबाई नाही. माहेरचे वडिलांचे नाव, सासरचे आडनाव, सगळे. मी कधी सांगितले नव्हते, कोणाला विचारले असेल देव जाणे.

नवीन अटेंडंट टेबल पुसत होता. मी पाहते आहे हे बघून जवळ आला. "चांगला आहे ना जी? आमच्या आधीच्या लॅबवाल्यांचा आहे. फक्त इथं एक ठिपका राहून गेला. पोट्टे रोज विचारतात. मी म्हणून राहिलो, आज टाकून देतो पेनानं." त्याने खरेच खिशातून लाल पेन काढला.

मी परक्या माणसाशी कधी बोलत नाही. पण तोंडातून निघून गेले, "नका टाकू."

"काऊन जी?"

"तेव्हा पाटीसमोर कोणी नव्हतं."

तो पेन हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. "तुम्हाले कसं माहीत?"

मी पुढे झाले आणि कागदाच्या खाली, माझ्या नावावर बोट ठेवले.